विश्लेषण : तेलाचा तवंग किनाऱ्याला लागण्याआधी ‘समुद्र प्रहरी’ काय करते?

पावसाळ्यात जुहूच्या वाळूत अनवाणी चालले की तळपायाला काळे डांबरी गोळे चिकटतात. अंधेरीकरांना हे नवे नाही. समुद्रात सांडलेले तेल घट्ट होऊन हे गोळे बनतात. ते पाण्यावर असतानाच उचलणे, हे तटरक्षक दलाच्या प्रदूषण नियंत्रण जहाजांचे काम. अशा जहाजांपैकी देशातले पहिले ‘समुद्र प्रहरी’ ऑक्टोबर २०१० मध्ये मुंबईत दलात दाखल झाले. त्याच्या दोनच महिने आधी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ यांची मुंबई बंदराबाहेर टक्कर होऊन शेकडो टन तेल सांडले होते.

तेल उचलतात कसे?

तरंगत्या बूमने तवंगाला कुंपण घालायचे, स्किमरने तो खेचून जहाजावरील टाक्यांत भरायचा. रसायनेही फवारतात. पण त्याने तेल नाहीसे होत नाही, बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळते. म्हणून उथळ पाण्यात, मासळीच्या जागी ती जपूनच वापरावी लागतात.

मग तेल किनाऱ्यावर येतेच कसे?

खवळलेल्या समुद्रात लाटा तेलासकट बूमवरून उडतात. ४ ऑगस्ट २०११ रोजी ‘एमव्ही रॅक’ मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडाले आणि काही दिवसांतच तेल जुहूला लागले. तेही नारळी पौर्णिमेच्या तोंडावर, वेसावे कोळीवाड्यातल्या होड्या समुद्रात उतरण्याच्या वेळी. जाळे तेलकट झाले की मासळीला गिऱ्हाईक मिळत नाही.

एकदा तेल वाळूत आले की जहाजाचा उपयोग संपतो. राष्ट्रीय आराखड्यानुसार किनारा साफ करण्याची जबाबदारी राज्याची. तिथे फावडी आणि माणसेच लागतात.