व्हर्च्युअल मशीनमधले काउंटर नक्की काय मोजतात?

सर्व्हर मंदावला की बहुतेक जण आधी सीपीयूचा टक्का बघतात. ९० दिसला की निदान ठरलेलं: प्रोसेसर कमी पडतोय, मोठं मशीन घ्या. व्हर्च्युअल मशीन भाड्याचं असेल तर मोठं मशीन लगेच मिळतं आणि दरमहाचं बिलही वाढतं. सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच आहे.

प्रोसेसर रिकामा नसेल तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी तो कामात असतो. मेमरीतून माहिती येण्याची वाट बघत तो नुसता थांबला असला, तरी तो वेळ कामातच धरला जातो. मुख्य मेमरीतून काही आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरच्या ३०० सायकल. तीच माहिती सर्वांत जवळच्या कॅशेत असेल तर चार-पाच सायकलमध्ये हाती येते. तेव्हा नेटफ्लिक्समध्ये काम करणाऱ्या ब्रेंडन ग्रेग यांनी २०१७ मध्ये हा मुद्दा ठासून मांडला. टक्क्याऐवजी दर सायकलला किती इन्स्ट्रक्शन पूर्ण होतात ते बघा, असं त्यांचं सांगणं होतं. हे गुणोत्तर १ च्या खाली असेल तर अडथळा बहुधा मेमरीचा असतो, आणि मग नुसते कोअर वाढवून फारसं काही साधत नाही.

हे गुणोत्तर काढायला लागणारे काउंटर प्रोसेसरच्या आतच असतात. १९९३ च्या पेंटियममध्ये असे दोन होते. इंटेलने त्यांची माहिती उघड केली नव्हती. तेर्ये माथिसेन यांनी ती शोधून काढली आणि १९९४ मध्ये ‘बाइट’ मासिकात छापली. आज लिनक्सवर ‘पर्फ’ हे साधन तेच काम एका कमांडमध्ये करतं.

पण व्हर्च्युअल मशीनमध्ये ‘पर्फ स्टॅट’ चालवलं की अनेकदा वेगळंच दिसतं. संदर्भबदल आणि पेज फॉल्ट यांच्यापुढे आकडे येतात, पण सायकल आणि इन्स्ट्रक्शन यांच्यापुढे ‘नॉट सपोर्टेड’. त्यावरून व्हर्च्युअल मशीनला खरं हार्डवेअर दिसूच शकत नाही, असा निष्कर्ष काढला जातो. तो चूक आहे. पहिले आकडे कर्नल स्वतः मोजतो म्हणून ते मिळतात. दुसऱ्यांसाठी हायपरव्हायझरने, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, परवानगी द्यावी लागते, आणि ती दिलेली नसते एवढंच. केव्हीएम या लिनक्सच्या हायपरव्हायझरमध्ये ही सोय २०१२ पासून, लिनक्स ३.३ पासून आहे. व्हीएमवेअरमध्ये ती प्रत्येक मशीनच्या सीपीयू सेटिंगमधली एक खूण आहे. हायपर-व्हीमध्येही ती आपणहून चालू करावी लागते. ‘आरआर’ या डीबगरचं तर या काउंटरशिवाय पानही हलत नाही; म्हणून तो व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालत नाही, पण नीट सेटिंग केलेल्या केव्हीएम किंवा व्हीएमवेअरमध्ये चालतो.

‘नॉट काउंटेड’ हा शेरा मात्र वेगळा. तिथे काउंटर आहे, पण त्या घटनेला मोजणीची पाळीच मिळाली नाही. काउंटर मोजकेच असतात. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरवर, हायपरथ्रेडिंग चालू असताना, प्रत्येक थ्रेडला हवं ते मोजायला फक्त चार मिळत. अडकलेला प्रोसेसर हेरणारा लिनक्सचा एनएमआय वॉचडॉगही एक अडवून बसतो. जास्त घटना मागितल्या तर पर्फ त्यांना आळीपाळीने मोजतं आणि उरलेल्या वेळेचा अंदाज धरून आकडा वाढवून दाखवतं. आकड्याच्या शेजारी कंसात टक्केवारी दिसली तर ती घटना तेवढाच वेळ प्रत्यक्ष मोजली गेली, हे ध्यानात ठेवावं.

आता आकडे मिळाले असं धरू. इथे जाणकारही फसतात. गेस्टमधल्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधल्या, काउंटरवर त्या मशीनला लागलेला सगळा वेळ येतो, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात केव्हीएम हा काउंटर साधारणपणे गेस्टचा व्हर्च्युअल सीपीयू खऱ्या कोअरवर चालू असतानाच पुढे सरकवतं. होस्टने, म्हणजे खालच्या खऱ्या मशीनने, तो कोअर काढून दुसऱ्या मशीनला दिला की मोजणी थांबते. समजा, ३ गिगाहर्ट्झच्या कोअरवर एक प्रोग्रॅम गेस्टच्या दृष्टीने १० सेकंद अखंड धावला. रेफरन्स सायकल, म्हणजे ठराविक वेगाने मोजलेल्या सायकल, सुमारे ३० अब्ज यायला हव्यात. काउंटर १८ अब्ज दाखवत असेल, तर उरलेल्या १२ अब्ज सायकलच्या वेळात, म्हणजे ४ सेकंद, आपला प्रोग्रॅम चाललाच नाही. तरी इन्स्ट्रक्शनचं गुणोत्तर उत्तम दिसेल, कारण भागाकारात ते चार सेकंद येतच नाहीत. ग्राहक तक्रार करतोय आणि पर्फ सगळं ठीक म्हणतंय, असं झालं तर ‘टॉप’मधला ‘एसटी’ हा स्टील टाइमचा, म्हणजे होस्टने काढून घेतलेल्या वेळेचा, आकडा आधी बघावा. होस्टवर अधिकार असेल तर तिथून ‘पर्फ केव्हीएम’ चालवणं अधिक चांगलं.

उलटी बाजूही आहे. शेजारच्या मशीनच्या इन्स्ट्रक्शन आपल्या काउंटरवर येत नाहीत, पण त्यांचा उपद्रव येतो. सामायिक कॅशे शेजाऱ्याने भरून टाकली की आपला कोड तसूभरही न बदलता आपले कॅशे मिस वाढतात. कालच्या आणि आजच्या आकड्यांची तुलना करण्याआधी मशीन त्याच प्रोसेसरवर आहे का आणि शेजार बदलला का, हे विचारायलाच हवं.

मग क्लाउड कंपन्या हे काउंटर सरसकट का देत नाहीत? कंजूषपणा हे त्याचं कारण नाही. एवढी बारीक मोजणी सामायिक हार्डवेअरवर दुसऱ्याच्या कामाचा माग काढायलाही वापरता येते. झेन या हायपरव्हायझरच्या प्रकल्पाने २०१५ मध्ये आपल्या व्हर्च्युअल काउंटरला सुरक्षेचा पाठिंबा नसल्याचं जाहीर केलं होतं. चालू मशीन वेगळ्या प्रोसेसरच्या होस्टवर हलवतानाही हे काउंटर आडवे येतात. शिवाय नुसती मोजणी जवळजवळ फुकट असली, तरी सॅम्पलिंगमध्ये प्रत्येक इंटरप्टला हायपरव्हायझरकडे फेरी होऊ शकते, आणि त्याचा खर्च गेस्टलाच बसतो. अ‍ॅमेझॉनने २०१७ मध्ये ईसी२ वर काही काउंटर खुले केले, तेही आधी अख्खा होस्ट व्यापणाऱ्या मोठ्या मशीनवर.

तेव्हा पुढच्या वेळी सीपीयू ९० टक्के दिसला तर मोठं मशीन मागवण्याआधी स्टील टाइम बघा आणि ‘पर्फ स्टॅट’ चालवा. काउंटर बंद असतील तर ते कोणत्या मशीनवर मिळतील, हे सेवा देणाऱ्याला लेखी विचारा.