एका ओळीपाशी अडणारा संगणक

लिनक्सवर चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येक सर्व्हरमध्ये एफएसटॅब नावाची एक फाइल असते. एटसी या डिरेक्टरीत तिचा मुक्काम. मजकूर साधा, आकार बहुधा एक किलोबाइटही भरत नाही. यंत्र सुरू होताना कोणती डिस्क कुठे आणि कोणत्या अटींवर जोडायची, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. बँकेचे व्यवहार सांभाळणारा सर्व्हर असो की जुन्या लॅपटॉपवर हौसेने घातलेलं उबुंटू, दोघांनाही उठताना ही फाइल वाचावी लागते. तिच्यातल्या एका ओळीत एक अक्षर चुकलं तर डझनावारी प्रोसेसर असलेलं यंत्रसुद्धा काळ्या पडद्यावर थांबून राहतं.

एका डिस्कची एक ओळ आणि ओळीत सहा रकाने. पहिल्यात डिस्कची ओळख, दुसऱ्यात जोडायची जागा, तिसऱ्यात फाइल-प्रणालीचा प्रकार, चौथ्यात पर्याय. पाचवा रकाना डंप नावाच्या जुन्या बॅकअप प्रोग्रामसाठी राखलेला आहे. आज तिथे बहुतेक सगळे शून्य लिहून पुढे जातात. सहाव्यात डिस्क तपासण्याचा क्रम. रकान्यांमध्ये अंतर म्हणजे नुसती मोकळी जागा, आणि सगळी मेख तिथेच आहे. चौथ्या रकान्यात 'डिफॉल्ट्स,नोफेल' असं सलग लिहायचं असतं. सवयीने स्वल्पविरामानंतर जागा सोडली की 'नोफेल' घसरून पाचव्या रकान्यात पडतो आणि त्याचा उपयोग संपतो. डिरेक्टरीच्या नावातच मोकळी जागा असेल तर तिच्याऐवजी उलटी तिरकी रेघ आणि पुढे शून्य-चार-शून्य असं लिहावं लागतं.

पहिल्या रकान्यात पूर्वी 'एसडीए', 'एसडीबी' अशी नावं लिहीत. डिस्क ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ही नावं वाटतो. एखादी यूएसबी डिस्क लावून यंत्र सुरू केलं तर काल 'बी' असलेली डिस्क आज 'सी' होऊ शकते. म्हणून आता यूयूआयडी वापरतात: १२८ बिटांचा ओळखक्रमांक, चार आडव्या रेघा धरून ३६ अक्षरांचा. तो फाइल-प्रणालीवरच कोरलेला असल्याने डिस्क कुठल्याही सॉकेटला लावली तरी बदलत नाही. 'एलएसबीएलके -एफ' ही आज्ञा दिली की दिसतो. तो हाताने टाइप करण्याचं धाडस करू नये; सरळ कॉपी करावा.

या फाइलची खरी खोड वेगळीच आहे. सकाळी अकराला तुम्ही नवी ओळ घातली, चुकीची घातली, सेव्ह केली, तरी काहीही होत नाही. संकेतस्थळ चालू राहतं, डेटाबेस चालू राहतो. फाइल वाचली जाणार पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना. ते उद्या असेल, नाहीतर आठ महिन्यांनी, सुरक्षा-अपडेटनंतर रात्री दोनला. तोवर ओळ घालणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. साधा प्रोग्राम चुकला तर तो लगेच ओरडतो. सुरुवातीच्या फायलींतली चूक मात्र साचून राहते. त्यामुळे इथली सगळी सावधगिरी एकाच दिशेने जाते: चूक कळण्याची वेळ शक्य तितकी अलीकडे ओढायची.

हे न केल्यास काय दिसतं? आजच्या बहुतेक वितरणांत यंत्र उठवण्याचं काम सिस्टमडी करतं. लेनार्ट पोएटरिंग आणि के सिव्हर्स यांनी ते २०१० मध्ये पुढे आणलं. एफएसटॅबमधल्या प्रत्येक ओळीचं ते एका कामात रूपांतर करतं. डिस्क सापडली नाही तर पडद्यावर लाल चांदण्या इकडून तिकडे सरकत राहतात आणि शेजारी १ मिनिट ३० सेकंदांची मुदत मोजली जाते. मुदत संपली की यंत्र आणीबाणीच्या अवस्थेत उतरतं आणि दुरुस्तीसाठी रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड मागतं. उबुंटूमध्ये रूटचं खातं मुळात कुलूपबंद असतं. तिथे पासवर्ड मागण्याऐवजी, खातं बंद असल्याने पडदा उघडता येत नाही, असा संदेश येतो. दुरुस्तीच्या खोलीलाच कुलूप. दुय्यम डिस्कच्या ओळीत 'नोफेल' लिहिण्याचं मोल इथे कळतं: ती डिस्क मिळाली नाही तरी यंत्र तिच्यावाचून पुढे जातं. माझ्या मते पाहुणी असलेल्या प्रत्येक डिस्कला हा शब्द लावायलाच हवा.

चूक अलीकडे ओढण्याची सगळ्यांना ठाऊक असलेली आज्ञा म्हणजे 'माउंट -ए': फाइलमध्ये लिहिलेलं सगळं आत्ताच जोड. ती काही न बोलता परतली की लोक निर्धास्त होतात. पण जे आधीच जोडलेलं आहे त्याला ही आज्ञा हात लावत नाही. तुम्ही जुन्याच डिस्कची ओळ बिघडवली असेल आणि ती डिस्क त्या क्षणी जोडलेली असेल, तर 'माउंट -ए' गप्प राहील आणि चूक तशीच पडून राहील. त्यासाठी 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' आहे. ती प्रत्येक ओळ वाचते, जागा अस्तित्वात आहे का, ओळख जुळते का, पर्याय ओळखीचे आहेत का, हे पाहते आणि चुकांची संख्या सांगते. दोन्ही चालवाव्यात. आणि नंतर 'सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड', नाहीतर सिस्टमडी जुनीच प्रत मनात धरून बसतं.

फाइल उघडण्याआधी प्रत काढणं हे सगळे सांगतात. 'सीपी -ए' वापरलं तर मालकी आणि परवानग्याही जशाच्या तशा उतरतात. बदल झाल्यावर जुनी आणि नवी फाइल 'डिफ'ने ताडून पाहिली की आपण बदललं असं वाटतं ते आणि खरोखर बदललं ते, यांतला फरक उघडा पडतो. एक खाचखळगा मात्र फारसा कोणी सांगत नाही. काही डिरेक्टऱ्यांत नुसती प्रत ठेवणंही अंगाशी येतं. ग्रब या बूटलोडरची एटसीमधली 'ग्रब.डी' ही डिरेक्टरी घ्या. तिच्यात चालवण्याची परवानगी असलेली फाइल दिसली की ग्रब ती चालवतो. नावाच्या शेवटी '.बॅक' आहे याचं त्याला काही नाही. परिणामी बूट-मेन्यूत एकाच नोंदी दोनदा उगवतात. अशा ठिकाणची प्रत घरच्या डिरेक्टरीत ठेवावी.

ग्रबचीच आणखी एक गोष्ट. 'ग्रब.सीएफजी' ही फाइल उघडली की सुरुवातीलाच कॅपिटल अक्षरांत लिहिलेलं असतं की ही फाइल बदलू नका. ती यंत्राने लिहिलेली असते आणि पुढच्या कर्नल-अपडेटला पुन्हा लिहिली जाते. हाताने केलेला बदल तेव्हा पुसला जातो. बदल करायचा तो एटसी, डिफॉल्ट, ग्रब या वाटेवरच्या फाइलमध्ये, आणि मग 'अपडेट-ग्रब' किंवा 'ग्रब-एमकेकॉन्फिग' चालवायचं.

आता हत्याराकडे वळू. केन थॉम्पसन यांनी १९६९ मध्ये युनिक्ससाठी 'ईडी' हा संपादक लिहिला, तेव्हा पडदाच नव्हता. टेलिटाइपवर सेकंदाला १० अक्षरं कागदावर उमटत. त्यामुळे ईडी कमालीचा अबोल आहे; काहीही चुकलं तरी तो एक प्रश्नचिन्ह छापतो आणि थांबतो. बर्कलीत बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास लिहिलेला व्हीआय पूर्ण पान दाखवू लागला. पण जुन्या युनिक्समध्ये व्हीआय 'यूएसआर'मध्ये असे, आणि ती बहुधा वेगळी डिस्क असे. ती जोडलीच गेली नाही तर हाताशी उरायचा तो ईडी. म्हणून जुने प्रशासक ईडीच्या चार-पाच आज्ञा पाठ करून ठेवत. आज नॅनो सोपा वाटतो, तरी व्हीआयमधून काहीही न बदलता बाहेर पडण्याची चाल, एस्केप, अपूर्णविराम (:), क्यू आणि उद्गारचिन्ह, बोटांत असलेली बरी.

संपादक न उघडताच ओळ जोडण्याचा मोह अनेकांना होतो. 'सुडो एको' (सुडो म्हणजे रूटच्या अधिकारात आज्ञा चालवणं) करून बाणाने (>) फाइलकडे वळवलं की परवानगी नाकारली जाते आणि नवखा चक्रावतो: सुडो तर दिलं होतं! कारण असं की बाणाचं काम आज्ञा वाचणारी शेल करते, तेही आज्ञा चालवण्याआधी आणि स्वतःच्या साध्या अधिकारात. सुडोची सत्ता फक्त एकोला मिळते. त्यावर 'सुडो टी -ए' हा उपाय आहे. तिथलं '-ए' विसरलात तर टी अख्खी फाइल पुसून तुमची एक ओळ लिहील. रूट म्हणून काम करताना तर दोन बाणांऐवजी एक बाण पडला की शेल आधी फाइल रिकामी करते, मग आज्ञेकडे बघते.

या सगळ्यांत मला सर्वांत देखणी वाटते ती व्हिसुडोची रचना. कोणाला रूटचे अधिकार आहेत हे 'सुडोअर्स' या फाइलमध्ये असतं, आणि ती बिघडली तर दुरुस्त करायलाही सुडो चालेलच असं नाही. म्हणून व्हिसुडो मूळ फाइलला कुलूप लावतो, तुमच्या हाती तात्पुरती प्रत देतो आणि तुम्ही सेव्ह केल्यावर आधी व्याकरण तपासतो. चूक सापडली तर ओळीचा क्रमांक सांगून विचारतो, आता काय? 'ई' म्हणजे पुन्हा संपादन, 'एक्स' म्हणजे बदल टाकून बाहेर. तिसरा पर्याय मोठ्या लिपीतला क्यू: चुकीसकट सेव्ह कर, आणि त्यापुढे कंसात 'धोका' असं लिहिलेलं. व्हिसुडोला अर्थ मात्र कळत नाही. स्वतःचं नाव यादीतून काढलंत तर व्याकरण शुद्धच राहतं.

तात्पुरती प्रत मूळ जागी कशी बसते, यातही कौशल्य आहे. जुनी फाइल रिकामी करून तिच्यात लिहू लागलं आणि मधेच वीज गेली तर हाती अर्धवट फाइल येते. त्याऐवजी नवी फाइल शेजारी पूर्ण लिहायची आणि मग तिला जुनीचं नाव द्यायचं. पॉसिक्स मानकानुसार हे नामांतर अखंड असतं: वाचणाऱ्याला जुनी पूर्ण दिसेल किंवा नवी पूर्ण, मधली अवस्था नाही. तरीही २००९ मध्ये घोळ झालाच. नव्याने आलेली एक्स्ट४ ही फाइल-प्रणाली मजकूर डिस्कवर उतरवायला बराच वेळ लावत असे, पण नामांतराची नोंद आधी होई. यंत्र मधेच कोसळलं की काहींच्या सेटिंगच्या फायली शून्य बाइटच्या झालेल्या दिसत. एक्स्ट४चे प्रमुख विकसक थिओडोर त्सो यांचं म्हणणं होतं की नामांतरापूर्वी 'एफसिंक' करून मजकूर डिस्कवर पोचल्याची खात्री करणं प्रोग्रामचं काम आहे. नियमाने ते बरोबर होतं. पण जगभरचे प्रोग्राम तसे वागत नव्हते, म्हणून २.६.३० या कर्नलमध्ये अशा नामांतराच्या वेळी मजकूर आधी उतरवण्याची सोय घातली गेली.

दूरच्या यंत्रावर काम करताना आणखी एक युक्ती लागते: उलटगणती. उबुंटूमधली 'नेटप्लॅन ट्राय' ही आज्ञा नेटवर्कची नवी मांडणी लागू करते आणि १२० सेकंद वाट पाहते. तेवढ्यात तुम्ही एंटर दाबलं नाही, म्हणजे बहुधा तुमचा संपर्कच तुटला, तर जुनी मांडणी आपोआप परत येते. एफएसटॅबसाठी अशी सोय नाही.

सुरुवातीलाच अडलेलं यंत्र दुरून दुरुस्त करणं किती जड जातं, हे १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक कंपनीची एक सदोष फाइल ७८ मिनिटं वितरित होत राहिली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज यंत्रं कोसळली. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढून टाकण्याचा, पण यंत्र उठत नसल्याने अनेक ठिकाणी माणसाला प्रत्येक यंत्रापुढे जाऊन बसावं लागलं.

लिनक्सचं यंत्र समोर असेल तर ग्रबच्या मेन्यूत 'ई' दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी 'इनिट' म्हणून बॅश या शेलचा पत्ता लिहायचा. हा बदल त्या एका सुरुवातीपुरताच असतो. शेल मिळते, पण मूळ फाइल-प्रणाली बहुधा फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते. 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू' केल्याशिवाय एफएसटॅब सेव्ह होत नाही. क्लाउडवर मेन्यू अनेकदा हाती लागत नाही. तिथे यंत्र बंद करून त्याची डिस्क सोडवतात, दुसऱ्या चालू यंत्राला जादा डिस्क म्हणून लावतात आणि तिथून फाइल सुधारतात. दोन्ही यंत्रं एकाच साच्यातून काढलेली असतील आणि फाइल-प्रणाली एक्सएफएस असेल, तर दोन्ही डिस्कांचा यूयूआयडी एकच निघतो आणि कर्नल दुसरी जोडायला नकार देतो. तेव्हा तेवढ्यापुरता 'नोयूयूआयडी' हा पर्याय द्यायचा, ओळ दुरुस्त करायची आणि डिस्क मूळ यंत्राला परत लावायची.