एका शाईची तीन फुले

१८४३ साली लंडनात हेन्री कोल यांनी नाताळकार्ड छापवून घेतले, ते पत्रे लिहायला सवड नव्हती म्हणून. मला सवड होती, पण शब्द सुचेनात. वाटणीपासून चार वर्षे दादाचे नि माझे बोलणे नाही!

शेवटी भेंडी आडवी कापली, कोरडी टिपली, निळ्या शाईने भिजलेल्या फडक्यावर दाबली आणि कार्डावर उठवली. पाच पाकळ्यांचे फूल! पुन्हा शाई न लावता उठवले, तर दुसरे फिके, तिसरे त्याहून फिके. एकाच निळ्या रंगाच्या तीन छटा झाल्या. मैत्रिणींनो, ठसे उजवीकडून उठवा, म्हणजे वाचताना फुले गडद होत जातात.

खाली इतकेच लिहिले, 'दादा, भाऊबीजेला ये.' पाट पुसून ठेवला आहे.