हिमनदीने कोरलेली दरी

वडोदऱ्याच्या माणसाला डोंगर म्हटला की पावागड आठवतो. सपाट मुलखातून एकाएकी वर आलेला हा डोंगर शहरापासून पन्नास किलोमीटरांच्या आतच आहे, आणि शहरातून वाहणारी विश्वामित्री त्याच्याच अंगावरून उतरून येते. पावसाळ्यात त्याच्या कड्यांवरून पाण्याच्या धारा कोसळू लागतात, जांबुघोड्याच्या रानात हाथणी मातेचा धबधबा भरतो, आणि सुटीच्या दिवशी शहरातील मंडळी तिकडे लोटतात. पुढे मे महिना उजाडला की याच मंडळींपैकी कित्येक कुटुंबे हरिद्वारची गाडी पकडून केदार-बदरीच्या यात्रेस निघतात. तेथेही डोंगर, तेथेही दऱ्या, तेथेही धबधबे. आपल्याकडे जे लहान तेच तेथे मोठे, अशी समजूत करून घेऊन बहुतेक प्रवासी परत येतात. परंतु पावागडची घळ आणि केदारनाथची दरी या दोहोंची जातच निराळी आहे, आणि ती ओळखता येणे यात्रेकरूच्या फार उपयोगी पडते.

पावागड हा लाव्हारसाच्या थरांचा डोंगर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या उद्रेकांनी दख्खनचे पठार आणि सह्याद्री घडविला, त्यांतलाच हा भाग. थरावर थर रचून हा मुलूख तयार झाला आणि मग पावसाने व ओढ्यांनी तो कापावयास घेतला. ओढा हा करवतीसारखा असतो. तो आपल्या तळालाच काय ती धार लावतो. बाजूचे उतार पावसाने झिजून, दरडी ढासळून मागे हटत राहतात. म्हणून पाण्याने कापलेल्या दरीचा छेद तळाशी अरुंद आणि वर रुंद, पाचरीसारखा दिसतो. सह्याद्रीतला कठीण थर मऊ थरावर टेकलेला असला, की मऊ थर आधी झिजतो, वरचा कठीण थर कड्यासारखा पुढे राहतो आणि त्यावरून पाणी उडी घेते. आंबोलीचे, ठोसेघरचे धबधबे पाहिलेल्यांना ही रचना नव्याने सांगावयास नको. पावसाच्या जोरावर उभे राहणारे हे धबधबे दिवाळीनंतर ओसरतात आणि उन्हाळ्यात बहुधा नाहीसेच होतात.

हिमालयाच्या वरच्या अंगास कापणारे हत्यार दुसरे आहे. वर्षानुवर्षे पडलेले आणि न वितळलेले हिम स्वतःच्याच भाराने दाबले जाऊन घट्ट बर्फ बनते. त्याची जाडी पुरेशी वाढली म्हणजे ते उताराने हळूहळू सरकू लागते. हीच हिमनदी. आपल्या भाषेतला हा शब्द मोठा नेमका आहे, कारण ती खरोखरीच वाहते. फक्त तिचा वेग डोळ्यांना दिसत नाही. तळाच्या खडकाचे तुकडे ती उपटून घेते आणि बर्फात रुतलेल्या त्याच दगडांनी पुढचा खडक कानशीने घासावा तसा घासते. दरीच्या तळाशी फिरणाऱ्या ओढ्यासारखी ती नसते. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सारी दरी ती भरून टाकते आणि दोन्ही भिंती व तळ एकाच वेळी खरवडते. बर्फ वितळून गेल्यावर मागे जी दरी राहते तिचा तळ सपाट व रुंद, आणि भिंती जवळजवळ उभ्या असतात. पाचरीच्या जागी पन्हळ दिसते. घासलेल्या खडकाचे पीठ पाण्यात मिसळते, म्हणून गोमुखातून बाहेर पडणारी भागीरथी राखाडी व गढूळ असते. उगमाशी गंगा स्फटिकासारखी असावी या अपेक्षेने गेलेल्या भाविकांची तेथे थोडी निराशा होते. ती होण्याचे कारण नाही, कारण पर्वत दळला जात असल्याचीच ती खूण आहे.

हे सारे माणसाला कळले ते आल्प्स पर्वतात, आणि प्रथम पंडितांना कळले नाही. स्वित्झर्लंडमधील बान्यच्या खोऱ्यात पेरोदँ नावाचा एक डोंगरी शिकारी होता. हिमनद्यांपासून दूर, जेथे आज बर्फाचा मागमूस नाही तेथेही, खडकांवर तसेच ओरखडे आणि तसेच परके धोंडे पडलेले तो पाहात असे. १८१५ साली त्याने खाणींवरील अधिकारी शार्पांतिये यांस सांगितले, की हे सारे खोरे एके काळी बर्फाने भरलेले होते. शार्पांतिये यांना ती कल्पना अवास्तव वाटली. तीनच वर्षांनी त्याच खोऱ्यात जिएत्रो हिमनदीचे कडे तुटून खाली आले, द्रांस नदीची वाट बर्फाने बुजली आणि मागे मोठे सरोवर साठले. व्हेनेत्स नावाच्या अभियंत्याने बर्फातून बोगदा खणून त्यातले बरेच पाणी काढून दिले. तरीही १६ जून १८१८ रोजी बांध फुटला आणि सुमारे चाळीस माणसे वाहून गेली. पेरोदँचे म्हणणे पुढे व्हेनेत्स यांना पटले, त्यांच्यामुळे शार्पांतिये यांना, आणि अखेर १८३७ साली लुई आगासी यांनी हिमयुगाची उपपत्ती विद्वानांपुढे मांडली. श्रीमंत सयाजीराव महाराज प्रकृतीस्वास्थ्यासाठी १८८७ साली प्रथम युरोपात गेले आणि स्वित्झर्लंडमध्ये राहिले, त्या वेळी या उपपत्तीस पन्नास वर्षे झाली होती.

तेथील लाउटरब्रुनेनची दरी हा या शास्त्राचा जणू नमुनाच. सपाट हिरवा तळ, दोहों बाजूंस उभे कडे आणि त्यांवरून सुटणाऱ्या कितीतरी धारा. त्यांतला श्टाउबबाख सुमारे तीनशे मीटर खाली येतो आणि अर्ध्या वाटेतच त्याचे तुषार होतात. असे धबधबे का होतात? मुख्य दरीतील हिमनदी जाड व जड, म्हणून ती खोल कोरते. तिला मिळणाऱ्या बाजूच्या लहान हिमनद्या तितके खोल कोरू शकत नाहीत. बर्फ गेला की बाजूच्या दरीचे तोंड मुख्य दरीच्या तळापासून कितीतरी उंचावर उघडे पडते. भूगोलाच्या पुस्तकांत हिला लोंबती दरी म्हणतात. तिच्यातले पाणी खाली येणार ते उडी घेऊनच. गढवालमधील सुप्रसिद्ध फुलांची दरी ही अशीच हिमनदीने कोरलेली उंचावरची दरी आहे. १९३१ साली कामेट शिखरावरून परतताना फ्रँक स्माइथ आणि त्यांचे सोबती वाट चुकून तेथे उतरले आणि मग जगाला तिचे नाव कळले. मेंढपाळांना ती अर्थातच आधीपासून ठाऊक होती.

वडोदऱ्याच्या दृष्टीने हिमालयाची आणखी एक आठवण आहे. साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर १९१० साली येथील गंगनाथ विद्यालयात शिक्षक झाले. सरकारी दडपणामुळे ते राष्ट्रीय विद्यालय बंद पडले आणि १९१२ साली काकासाहेब पायी हिमालयात हिंडावयास निघून गेले. ‘हिमालयनो प्रवास’ हे त्यांचे गुजराती पुस्तक त्या भ्रमंतीतून आले. त्या काळच्या यात्रेकरूला पहाडात आठवड्यांमागून आठवडे चालावे लागे. त्यात हाल होते खरे, पण पायांबरोबर डोळेही चालत आणि शरीरही उंचीला सरावत जाई.

आज गौरीकुंडापर्यंत मोटार जाते. तेथून मंदाकिनीच्या काठाने केदारनाथकडे चढणाऱ्याने एक ठिकाण लक्षात ठेवावे: रामबाडा. सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वी चोराबारी हिमनदी येथपर्यंत उतरली होती, असे भूवैज्ञानिकांनी दाखविले आहे. रामबाड्याच्या खाली दरी अरुंद आहे. ती पाण्याची करणी. वर गेल्यावर ती रुंदावत जाते, तळ सपाट होतो. ती बर्फाची करणी. केदारनाथचे मंदिर हिमनद्यांनी व त्यांच्या पाण्याने आणून टाकलेल्या गाळावर आणि धोंड्यांवर उभे आहे. हिमनदी मागे हटताना कडेला दगडमातीचे जे बांध सोडून जाते त्यांना हिमोढ म्हणतात. हे बांध कोणी रचलेले नसतात. त्यांत ना चुना, ना दगडांची जुळणी. अशाच एका हिमोढामागे मंदिराच्या वर चोराबारी ताल होता. १९४८ साली महात्माजींच्या अस्थींचा अंश तेथे विसर्जित झाला, म्हणून त्याला गांधी सरोवर म्हणत.

१६ जून २०१३ रोजी तेथे अतोनात पाऊस झाला आणि त्यात हिम वितळल्याचे पाणी मिळाले. त्या संध्याकाळीच खालच्या दरीत हाहाकार उडाला. दुसऱ्या दिवशी सकाळी हिमोढ फुटला आणि ताल काही मिनिटांत रिता झाला. पाणी, चिखल आणि प्रचंड धोंडे मंदिराभोवतीच्या वस्तीवर आले. रामबाडा तर नकाशावरूनच पुसले गेले. उत्तराखंडातील त्या आपत्तीत पाच हजारांहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. विश्वामित्रीचा पूर वडोदऱ्याने ऑगस्ट २०२४ मध्ये सोसला आहे. पण मैदानातील नदी चढते ती तासांच्या हिशेबाने, सामान माळ्यावर नेण्याइतका अवधी देऊन. पन्हळीसारख्या दरीत मिनिटेच हाती असतात. म्हणून सपाट आणि रम्य दिसणारा नदीकाठ तेथे मुक्कामाला योग्य असतोच असे नाही. संतत धार लागली असेल तर वर जाण्याची घाई करू नये, आणि उतरावयास गाळावरील जागेपेक्षा पक्क्या खडकाच्या उंचवट्यावरील जागा पाहावी.

दोन गोष्टी आणखी. हिमनदीतून येणारे ओढे पहाटे क्षीण असतात आणि दुपारच्या उन्हाने फुगतात. सकाळी घोटाभर असलेले पाणी परतताना कमरेपर्यंत लागू शकते. तेव्हा असा ओढा ओलांडावयाचा तो सकाळीच. दुसरी गोष्ट उंचीची. वडोदरे समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरांवर, तर केदारनाथ साडेतीन हजारांहून थोडे वर. हेलिकॉप्टरने हे अंतर काही मिनिटांत तुटते, पण रक्ताला विरळ हवेची सवय होण्यास दिवस लागतात. तीन हजार मीटरांच्या वर रोज रात्रीचा मुक्काम सुमारे पाचशे मीटरांपेक्षा अधिक उंच नेऊ नये असा वैद्यकाचा संकेत आहे. डोके दुखू लागले, मळमळ झाली तर तेथेच थांबावे. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना झोक जाऊ लागला, तर दर्शन राहिले तरी चालेल. त्या माणसाला रात्र असली तरी सोबत देऊन ताबडतोब खाली उतरवावे.