चिठ्ठी कोणासाठी?

इर्शाळगडाखालच्या वाड्यांवरून डोक्यावर भारा घेऊन चौकच्या बाजारात उतरणारी ठाकूर बाई आणि खालापूर-कर्जतच्या वीटभट्ट्यांवर वाकून विटा थापणारा कातकरी यांची कंबर लवकर जाते. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा सारे सरकार चौकला धावले. रोज थोडी थोडी झिजणाऱ्या कंबरेसाठी मात्र कोणी धावत नाही.

अशा माणसाला व्यायामोपचाराची गरज असते. पण त्याला सांगितले जाते, आधी डॉक्टरांची चिठ्ठी आणा. म्हणजे एक दिवस चिठ्ठीसाठी, दुसरा उपचारासाठी. दोन दिवसांची मजुरी बुडाली! मग तो गोळी घेतो आणि पुन्हा भट्टीवर जातो.

आमचा सवाल असा की, ही चिठ्ठी कायद्याने मागितली आहे काय? नाही. संसदेने 2021 साली संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. फिजिओथेरपिस्ट रुग्णाची तपासणी करून स्वतंत्रपणे व्यवसाय करू शकतो, असे त्यात नमूद आहे. पात्रता किमान पदवीची. ऑस्ट्रेलियातील फिजिओथेरपिस्टांनी तर चिठ्ठीची अट 1976 सालीच आपल्या आचारसंहितेतून काढून टाकली. विम्याचे पैसे हवे असतील तर कंपनी डॉक्टरांचा कागद मागू शकते, पण भट्टीवरच्या मजुराचा विमा असतो कुठे?

सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी नावापुढे 'डॉ.' लावू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. पाटीवर काय लिहावे याची ही लढाई शहरातली. आम्हाला तिच्यात रस नाही.

मात्र एक गोष्ट आमच्या वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतला भाग बधिर झाला, ताप येऊ लागला, वजन उतरले, तर व्यायाम नव्हे, थेट दवाखाना. मणक्याचा क्षय आपल्या वस्त्यांत आजही आहे. ही लक्षणे ओळखून रुग्णाला डॉक्टरकडे धाडतो तोच खरा फिजिओथेरपिस्ट. नुसती शेक देणारी मशीन मांडून बसलेल्या बिनपदवीच्या माणसाकडे जाऊ नये. राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेची नोंदणी आहे काय, हे बेधडक विचारावे.

कायद्याने दार उघडले, पण दारामागे माणूस हवा. खासगी उपचार पनवेल-खोपोलीला आहेत, तेही पैसेवाल्यांना. फिजिओथेरपिस्ट सरकारी ग्रामीण रुग्णालयातच बसला पाहिजे, आणि तो आठवडा बाजाराच्या दिवशी बसावा, कारण वाडीवरची माणसे त्याच दिवशी खाली उतरतात.