टिटवी आणि दयाळ

पक्ष्यास संस्कृतांत ‘द्विज’ म्हणतात. एक जन्म अंड्याच्या रूपानें, दुसरा अंडें फुटून. परंतु हा दुसरा जन्म सर्वांचा सारखा नसतो.

टिटवी पाणथळीच्या कुळांतील. पंचतंत्रांत समुद्रानें जिचीं अंडीं नेलीं, तीच ही. उघड्या जमिनीवर खड्यांत मिसळून जाणारीं, बहुधा चार, ठिपकेदार अंडीं ती घालते. नरमादी तीं सुमारें २८ ते ३० दिवस उबवितात. पिलूं डोळस व लवदार. अंग वाळतांच चालूं लागतें आणि स्वतः किडे टिपतें. उडावयास मात्र त्यास महिन्याहून अधिक काळ लागतो.

काळापांढरा दयाळ गाणाऱ्या कुळांतील. त्याचें घरटें झाडाच्या ढोलींत किंवा भिंतीच्या भोकांत. अंडीं १२ ते १४ दिवसांतच फुटतात. पिलें मात्र उघडीं, डोळे मिटलेलीं. परंतु आईबापांनीं पंधरवडाभर भरविलें, कीं तींच उडूं लागतात!

आवाजाचेंही तसेंच. टिटवीची हाक उपजत असते. गाणाऱ्या पक्ष्याच्या पिलास गाणें वडीलधाऱ्यांचें ऐकून, चुकतमाकत शिकावें लागतें.

एकत्र कुटुंबांत चुलतभावंडांची तुलना नित्य होते: एक चटकन् वाचूं लागला, दुसरा अजून अडखळतो. अडखळणाऱ्यास सर्वांदेखत मंद म्हणण्यापूर्वीं वडिलांनीं हे दोन पक्षी आठवावे, अशी आमची विनंति आहे. जो पहिल्या दिवशीं चालला, तोच पहिला उडाला असें नाहीं. आणि ज्यास शिकावें लागतें, त्याच्या कानीं घरांत काय पडतें, याची जबाबदारी आपलीच होय.