कोलाडच्या पावसात पोलादी पिस्तूल

रायगड जिल्ह्यात परवान्याचे शस्त्र म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक येते. भातात आणि वाडीत रानडुकरे घुसतात, म्हणून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती पिढ्यानपिढ्या घरात असते. पिस्तूल त्या मानाने विरळाच. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे ते आत्मसंरक्षणाच्या परवान्यावर असते आणि पुष्कळदा वडिलांकडून किंवा चुलत्यांकडून आलेले असते. नळी, स्लाइड, सांगाडा सगळे पोलादी, मुठीला लाकडी किंवा एबोनाइटच्या पट्ट्या. या जुन्या पिस्तुलांबद्दल मालकांची मते मोठी ठाम असतात. त्यांतली काही अनुभवाने घडलेली, काही नुसती ऐकीव. रोहा-कोलाडच्या हवेत त्यांतली किती खरी ठरतात, हे पाहायला हवे.

घरातले पिस्तूल बत्तीसचेच का

लष्कराचे आणि पोलिसांचे 9 मिमीचे पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही. कायद्याने तो बोअर प्रतिबंधित आहे. त्यामुळे घरगुती परवान्यावर प्रामुख्याने .32 चे पिस्तूल येते. ते एक तर भारतीय आयुध निर्माणीचे असते, नाही तर जुने परदेशी: वेब्ली, कोल्ट, बेल्जियमचे ब्राउनिंग. 1980 च्या दशकाच्या मध्यावर नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची खुली आयात बंद झाली. नवा माल येणे थांबल्यावर देशात होते त्याचाच भाव चढला. म्हणून एखाद्या घरात आजोबांचे ब्राउनिंग निघाले की पहिला प्रश्न किमतीचा येतो. माझ्या मते तो शेवटचा असावा. आधी ते पिस्तूल सुरक्षित आहे का, हे ठरले पाहिजे.

महाराष्ट्रात ही जात आली कधी

जॉन ब्राउनिंग या अमेरिकी कारागिराने बनवलेले आणि बेल्जियमच्या एफएन कारखान्यात तयार झालेले पहिले यशस्वी .32 पिस्तूल 1900 सालचे. त्याचे काडतूसही त्यानेच बेतले. दहा वर्षांच्या आत ही पिस्तुले आपल्या इतिहासात आली. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर 20 ब्राउनिंग पिस्तुले ट्रंकेच्या चोरकप्प्यातून पाठवली. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या अशाच पिस्तुलातून. कान्हेरे कोकणातलेच, खेड तालुक्यातल्या आयनी गावचे. 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली.

याच ब्राउनिंगच्या हातून पुढे 9 मिमीच्या ‘हाय-पॉवर’ पिस्तुलाचा आरंभ झाला. 1926 साली त्याचा मृत्यू झाल्यावर द्यूदोने सैव्ह याने ते काम पुरे केले आणि 1935 साली पिस्तूल बाजारात आले. आपल्या सैन्यात आणि पोलिसांत दिसणारे, ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनणारे 13 गोळ्यांचे 9 मिमी पिस्तूल त्याचीच भारतीय आवृत्ती आहे.

वजनाचे कौतुक: खरे किती

जुन्या मालकांचे पहिले मत असे, ‘हातात घेतल्यावर वस्तू वाटते.’ हे नुसते प्रेम नाही, त्याला यंत्रशास्त्राचा आधार आहे. बत्तीसच्या बहुतेक पिस्तुलांत नळी मागून कुलूपबंद होत नाही. गोळी सुटते त्या क्षणी काडतुसाचे टरफल मागे रेटू पाहते. त्याला थोपवून धरते ते स्लाइडचे वजन आणि पुढची स्प्रिंग. गोळी नळीबाहेर गेली की मग स्लाइड मागे सरते, टरफल फेकते आणि मॅगझिनमधले पुढचे काडतूस वर घेते. म्हणजे इथे पोलादाचे वजन हा यंत्राचाच एक भाग आहे. शिवाय जड पिस्तूल हाताला कमी झटका देते. बत्तीसचे काडतूस मुळातच सौम्य, त्यामुळे वयस्क माणसालाही ते झेपते.

‘म्हणून नवे प्लॅस्टिकचे सगळे टाकाऊ’ हे पुढचे मत मात्र मला पटत नाही. 1980 च्या दशकात आलेल्या ऑस्ट्रियाच्या ग्लॉक 17 चे रिकाम्या पिस्तुलाचे वजन आणि 1900 च्या ब्राउनिंगचे वजन जवळपास सारखेच, सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. ब्राउनिंगमध्ये बत्तीसच्या 7 गोळ्या मावत, ग्लॉकमध्ये 9 मिमीच्या 17 मावतात. पॉलिमरचा सांगाडा गंजतही नाही. पोलाद टिकते हे खरे, पण ते आपोआप टिकत नाही. कोलाडला तर नाहीच.

पाऊस आणि गंज

रायगडात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. कुंडलिकेचे खोरे आणि मागे सह्याद्री, त्यामुळे जून ते सप्टेंबर कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी चढते. पोलादावरचा काळसर-निळा थर, ज्याला ब्लूइंग म्हणतात, तो रंग नसतो. पृष्ठभागावर मुद्दाम घडवून आणलेला तो ऑक्साइडचा पातळ थर आहे. तेल धरून ठेवणे हे त्याचे खरे काम. तेल आटले की तो एकटा गंज रोखू शकत नाही. घामातले मीठ तर त्याला बोटांच्या ठशांच्या आकारात खाते.

जाणते मालक इथे जे सांगतात ते ऐकण्यासारखे आहे. पिस्तूल चामड्याच्या म्यानात कधीही ठेवू नये. चामडे ओल धरते आणि ते कमावताना वापरलेली रसायनेही पोलादाला लागतात. घट्ट गुंडाळलेले सुती फडकेही तसेच ओल धरते. कोरडी पेटी, तीत सिलिका जेलच्या पुड्या आणि त्या वरचेवर बदलणे, हे पावसाळ्यात पुरेसे होते. हात लावला की पुसून तेलाचा पातळ हात फिरवायचा. पातळ हा शब्द महत्त्वाचा, कारण ओघळणारे तेल धूळ धरते आणि काडतुसापर्यंत पोचले तर त्याची टोपीही निकामी करते.

सगळ्यात फसवी जागा मुठीच्या पट्ट्यांखाली असते. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या पिस्तुलाच्या पट्ट्या काढल्या की आत तांबड्या गंजाचे ठिपके दिसतात. मृगाआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा परवानाधारक कारागिराकडून हे तपासून घ्यावे.

निवडणुकीची वेळही लक्षात ठेवावी. आचारसंहिता लागली की ज्यांना नोटीस येते त्यांना शस्त्र जमा करावे लागते. 2024 च्या लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली आणि 6 जूनला उठली. म्हणजे उन्हाळाभर पोलीस ठाण्यात राहिलेले शस्त्र नेमके पावसाच्या तोंडावर घरी आले. जमा करण्यापूर्वी आत-बाहेर तेल देणे आणि परत आल्यावर पेटीत टाकण्याआधी ते पुसणे, एवढे कष्ट घ्यावेत.

मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले नाही

या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर ते हे ठेवा. बारा बोअर मोडली की दोन्ही नळ्या डोळ्यांना दिसतात. पिस्तुलात तसे नसते. मॅगझिन बाहेर आले तरी नळीच्या मागच्या चेंबरमध्ये एक काडतूस बसलेले असू शकते. म्हणून पिस्तुलाचे तोंड सुरक्षित दिशेला धरून, बोट चापापासून दूर ठेवून, आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड मागे ओढून धरायची आणि चेंबर डोळ्यांनी व बोटाने तपासायचे. क्रम उलटा झाला, स्लाइड आधी ओढली, तर मॅगझिनमधले पुढचे काडतूस चेंबरमध्ये चढते.

जुन्या बनावटीत आणखी एक उणीव आहे. आजच्या अनेक पिस्तुलांत चाप पूर्ण ओढेपर्यंत फायरिंग पिन अडवून धरणारा खटका असतो. शतकापूर्वीच्या बहुतेक पिस्तुलांत तो नाही. भरलेले पिस्तूल फरशीवर पडले तर बार उडण्याचा धोका राहतो. ‘सेफ्टी आहे ना’ असे मालक म्हणतात, पण पन्नास-साठ वर्षे वर-खाली झालेली ती कळ झिजलेली असू शकते. जुन्या पिस्तुलाच्या चेंबरमध्ये काडतूस ठेवून ते घरात ठेवणे किंवा कमरेला लावणे मी साफ चूक मानतो.

काडतुसे आणि सुटे भाग

.32 चे रिव्हॉल्व्हर आणि .32 चे पिस्तूल यांची काडतुसे वेगळी असतात. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला मागे स्पष्ट कडा असते आणि ते लांब असते. नाव एकच म्हणून वारसदार गोंधळतात. पिस्तुलावर कोरलेला बोअर आणि परवान्यावरची नोंद दुकानात दाखवूनच काडतुसे घ्यावीत. ‘केएफ’ अशी खूण दिसली तर ते काडतूस पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्याचे. हा कारखाना 1869 सालचा. आयुध निर्माणी मंडळ 1 ऑक्टोबर 2021 रोजी सात कंपन्यांत विभागले गेल्यापासून तो म्युनिशन्स इंडिया या कंपनीत आहे. वर्षानुवर्षे दमट कपाटात पडलेल्या, हिरवट डाग चढलेल्या काडतुसांवर भरवसा ठेवू नये.

मालकांची खरी अडचण सुट्या भागांची आहे. मॅगझिनची स्प्रिंग, फायरिंग पिन, टरफल ओढणारा आकडा हे भाग झिजतात आणि परदेशी जुन्या पिस्तुलांचे ते मिळत नाहीत. लेथवाल्या ओळखीच्या माणसाकडून भाग घडवून घेण्याचा मोह होतो. शस्त्र अधिनियम 1959 नुसार शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागतो. विनापरवाना दुरुस्ती हा गुन्हा आहे आणि ओबडधोबड पिन हा अपघात.

कागद आणि वारस

2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादा 3 वरून 2 वर आली आणि परवान्याची मुदत 3 ऐवजी 5 वर्षे झाली. वारशाने आलेले शस्त्रही याच मर्यादेत मोजतात. लग्नात किंवा मिरवणुकीत बेफिकिरीने बार काढल्यास 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही.

शस्त्र नियम 2016 मधली एक सोय अनेक ज्येष्ठ मालकांना माहीत नसते. परवानाधारकाने वयाची 70 वर्षे पूर्ण केली किंवा शस्त्र 25 वर्षे बाळगले, तर हयातीतच ते कायदेशीर वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. वारस 21 वर्षांचा हवा, त्याचे प्रशिक्षण झालेले हवे आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी त्याने द्यायला हवी. अर्ज अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातो. मुलामुलींपैकी कोणालाच हे ओझे नको असेल, तर तेही आजच स्पष्ट विचारून घ्या. मालक गेल्यावर परवान्याविना पिस्तूल कपाटात राहू देणे हा गुन्हा आहे. ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी.